सर आठवायचे तर लाईनीबाहेर बसलेल्यांना विचारा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देता देता मी माझ्या वडिलांचा उल्लेख केला होता, की ते साताऱ्यात एका हायस्कूलला गणित शिकवायचे, शाळा सुटली की त्याच पोरांना मैदानावर फुटबॉल शिकवायचे आणि या उन्हाळ्यात ते गेले. एवढंच, दोन ओळी. पण त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. बरीचशी पत्रं साताऱ्यातली, काही कराड-कोरेगावची, दोन सांगलीची. ज्याच्या त्याच्या मनात आपले आपले एक सर आहेत असं दिसतंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, ज्याचं पत्र त्याला ओळखू येईलच.

प्रश्न: ताई, तुमच्या वडिलांबद्दल अजून लिहा ना. साताऱ्यात कुस्ती, कबड्डी, पळणं हे माहितीय, पण फुटबॉल? तो तर कोल्हापूरचा. आणि गणिताचे सर फुटबॉल कसा काय शिकवायचे? (कॉलेजला असलेला एक वाचक, सातारा)

तुझं बरोबर आहे. सातारा म्हटलं की आधी खाशाबा जाधव आठवतात, गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. मग माणदेशातली ललिता बाबर, २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. आणि आता अदिती स्वामी, २०२३ ला बर्लिनमधे सतराव्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन. फुटबॉल म्हणशील तर कोल्हापूर, तिथं तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियम भरतं, पेठेतलं पोरगं चालायला लागलं की पायात बॉल. बाबा कॉलेजला कोल्हापुरातच होते, हा नाद त्यांना तिथंच लागला. नोकरी लागली साताऱ्यात, गणिताचे शिक्षक म्हणून. शाळेत पीटीचे सर वेगळे होते, ते खो-खो आणि कबड्डी बघायचे. बाबांनी हेडसरांकडे फक्त एवढंच मागितलं की संध्याकाळी साडेपाच ते सात मैदान मला द्या. पगारात त्याचा एक रुपया नव्हता आणि पुढची तीसेक वर्षं ते चाललं.

गणिताचं विचारतोस तर ऐक. मैदान आखायचं असलं की बाबांकडे एक सुतळीची दोरी असायची, बारा मीटरची, तिला तीन मीटरवर एक गाठ, तिथून पुढं चार मीटरवर दुसरी, मग उरलेले पाच मीटर आणि दोन्ही टोकं एकत्र बांधलेली. तीन पोरांनी तीन गाठी धरायच्या आणि दोरी ताणायची. ताणली की मैदानाचा कोपरा बरोब्बर काटकोनात यायचा आणि मग त्या कडेनं फक्की मारत जायचं. मी सहावीत असेन, मलाही एक गाठ धरायला मिळायची, हाताला सुतळी काचायची. पायथागोरसचं प्रमेय आम्ही पुस्तकात नंतर बघितलं, हातात आधी धरलं होतं. त्यांच्या वर्गातली पोरं म्हणायची की फळ्यावर त्रिकोण काढला की सर विचारायचे, फक्की कुठून सुरू करणार? की लगेच समजायचं.

दहावीच्या वर्गाला त्यांचं एक गणित ठरलेलं. गोल ७.३२ मीटर रुंद, पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, तर ठिपक्यावरून दोन्ही पोस्टांकडं बघितलं तर मधला कोन किती? निम्मा गोल ३.६६, त्याला ११ नं भागा, टॅन ०.३३३ येतो, म्हणजे साधारण साडेअठरा अंश, त्याची दुप्पट ३७ च्या आसपास. मग संध्याकाळी मैदानावर गोलीला तिथंच उभं करून सांगायचे की पेनल्टीला तुला लाईन सोडता येत नाही पण एरवी फॉरवर्ड एकटा अंगावर आला तर दोन-तीन पावलं पुढं ये, तू पुढं आलास की मागचा गोल त्याला लहान दिसतो, किती लहान ते उद्या वर्गात काढू. आणि खरंच दुसऱ्या दिवशी वर्गात काढायचे!

बॉल नवीन कुठला मिळायला. एक बॉल तीन-तीन वर्षं चालवायचा. चामड्याचा बॉल पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा, हेडला पोरं घाबरायची. बाबा तो घरी आणून पुसून सावलीत वाळवायचे आणि खोबरेल तेल चोळायचे. शिवण उसवली तर जाड सुई आणि मेण लावलेला दोरा, ब्लॅडर पंक्चर झालं तर पोवई नाक्यावरच्या सायकलवाल्याकडून ठिगळ. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम एखादा पोट फाडलेला बॉल वाळत असायचा, आईला त्याचा वास अजिबात आवडायचा नाही.

विभागाच्या स्पर्धेला कोल्हापूरच्या टीमसमोर आमची पोरं हरायची. चार-शून्य, सात-शून्य. ते मी लपवणार नाही, बाबांनी कधीच लपवलं नाही. त्यांची टीम जिल्ह्याच्या वर फार गेली नाही. शाळेच्या काचेच्या कपाटात त्यांच्या काळातल्या फुटबॉलच्या तीन ढाली आहेत, तीनच. म्हणून तर मला वाटतं की नुसते कप मोजून त्यांची आठवण लिहायला बसलं तर अर्ध्या पानात संपेल.

पण जी गोष्ट मला माहितीच नव्हती ती मला दहाव्याच्या दिवशी कळली. माहुलीला संगमावर विधी उरकले, लोक पांगले, आणि एक गृहस्थ पायऱ्यांवर तसेच बसून राहिले. पन्नाशीचे असतील. मी जवळ गेले तर म्हणाले, मी सरांच्या टीममधे तीन वर्षं होतो पण तुम्ही मला ओळखणार नाही, मी खेळलोच नाही. तीन वर्षांत मॅचमधे एकदाच उतरलो, शेवटची आठ मिनिटं, तेव्हा आपण सहा-शून्यनं मागं होतो. मग म्हणाले, पण सर हाफ टाईमला पहिल्यांदा माझ्याकडं यायचे. म्हणायचे, तू बाहेर बसलायस म्हणजे तुला सगळं दिसतंय, सांग काय दिसलं. मग मी खडा घेऊन जमिनीवर काढून दाखवायचो, समोरच्या टीमचा डावा बॅक, मागं राहून बचाव करणारा, वर गेला की परत येत नाही, तिथं मोकळं पडतंय, आणि मग सर आमच्या उजव्या बाजूच्या पोराला तिथं पाठवायचे. दोनदा तिथनंच गोल झाला ताई. पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव आलं, बरोबरच आहे, पण तो गोल मी बघितला होता आधी.

हे सांगताना ते माहुलीच्या पायरीवर बोटानं बॅकची जागा काढून दाखवत होते. ओल्या पायरीवर. मी चाळीस वर्षं बाबांबरोबर राहिले आणि हाफ टाईमला ते आधी कुणाकडं जातात हे मला ठाऊक नव्हतं.

प्रश्न: आमच्या हायस्कूलचे फुटबॉलचे सर मागच्या दिवाळीनंतर वारले. पहिल्या स्मृतिदिनाला माजी विद्यार्थी मिळून स्मरणिका काढतोय. लेख यायला लागलेत पण सगळे सारखेच. अष्टपैलू, शिस्तप्रिय, दुसरे वडील, न भरून येणारी पोकळी. चुकीचं कुणीच लिहीत नाहीये पण वाचून सर दिसत नाहीत. काय करू? (संपादनाची जबाबदारी अंगावर पडलेला माजी विद्यार्थी, कराड)

तुम्ही लोकांना "सरांबद्दल लिहा" असं सांगितलंत ना? तिथंच गडबड झाली. माणूस लिहायला बसला की त्याला श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरची भाषा आठवते, त्यात त्याचा दोष नाही, दुसरी भाषा त्याला कुणी मागितलीच नाही. लिहायला सांगू नका, फोन करा आणि विचारा, आणि प्रश्न अगदी बारका विचारा. शिट्टी कुठल्या हातात असायची? पाऊस आला की काय करायचे, पोरांना घरी पाठवायचे की खेळवायचे? एसटीत कुठं बसायचे? हरल्यावर परत येताना गाडीत काय बोलायचे, की बोलायचेच नाहीत? डबा आणला नाही अशा पोराचं काय करायचे? फोन रेकॉर्ड करा, आधी विचारून, आणि मग त्यांच्याच शब्दात उतरवा, सुधारू नका. "सर लई तापायचे पण बूट स्वतःचे द्यायचे" हे वाक्य आहे तसंच छापा.

दुसरं म्हणजे कुणाला विचारता हे बघा. तुमच्या यादीत बहुतेक कॅप्टन आहेत, जिल्ह्याला खेळलेले आहेत, आता मोठ्या हुद्द्यावर गेलेले आहेत. त्यांचे लेख घ्याच. पण राखीव पोरं शोधा. जुन्या टीमचा फोटो काढा, मागच्या ओळीत कडेला उभी असलेली, ज्यांच्या जर्सीवर नंबरच नाही किंवा ज्यांना जर्सीच मिळालेली नाही, ती. शाळेचा जुना शिपाई, ज्याच्याकडं बॉलच्या खोलीची किल्ली असायची. समोरच्या शाळेचे सर, ज्यांच्याशी दरवर्षी भांडण व्हायचं. नापास होऊन शाळा सोडलेला. मी तर म्हणेन निम्मी पानं त्यांना द्या.

हे मी उगाच नाही म्हणत. खाशाबांचं मेडल सगळ्या देशाला माहितीय पण त्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, हे आपल्याला कळलं कारण कुणीतरी ते सांगत राहिलं. मेडलवर ते नाव कोरलेलं नसतं. आणि फुटबॉलचंच बघायचं तर एस. ए. रहीम. हैदराबादचे, मूळ पेशा शाळेत मास्तरकी. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमधे चौथा आला, १९६२ ला जकार्ताला एशियाडचं गोल्ड जिंकला आणि पुढच्याच वर्षी जूनमधे ते कॅन्सरनं गेले. जकार्तात आपल्या टीममधल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते, तो मुळात बॅक, रहीमसाहेबांनी त्याला पुढं फॉरवर्डला खेळवला आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल मारला. स्कोअरबोर्डवर दोन-एक एवढंच राहतं. डोक्याला पट्टी बांधलेल्या बॅकला पुढं न्यायचं कुणाला सुचलं, हे तिथं असलेल्या माणसांनी सांगितलं म्हणून उरलं.

छपाईचं थोडक्यात सांगते. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारून बांधणी, करणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं राहतात आणि मग ती भरायला जाहिराती शोधत फिरावं लागतं. फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवायला सांगू नका, त्यात ते बारीक होऊन येतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा सरळ घरी जाऊन स्कॅन करा. सालं माणसांच्या आठवणीवर सोडू नका, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून पडताळा. आणि फोटोखालची नावं दोनदा वाचून घ्या, डावीकडून उजवीकडं. "आणि इतर" असं कुठंच लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: सगळे सरांना देव म्हणतायत. मला सरांनी नववीत सगळ्या टीमसमोर कानाखाली मारली होती, प्रॅक्टिसला उशीर झाला म्हणून. उशीर झाला कारण मी सकाळी पेपर टाकायचो. मी परत मैदानावर गेलो नाही. आज मी ४६ वर्षांचा आहे. स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलंय, बोला म्हणतायत. मी काय बोलू? खरं सांगितलं तर लोक म्हणतील मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. (एक वाचक, सातारा तालुका)

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आधी एक सांगते, तुमचं काही चुकलेलं नाही. पहाटे पेपर टाकून शाळा करणाऱ्या पोराला उशीर झाला म्हणून मारणं चूक होतं, तेव्हाही चूकच होतं. "त्या काळी असंच असायचं" हे उत्तर मला पटत नाही. आता तर कायदाच आहे, शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं कलम १७, शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी. पण कायदा नव्हता तेव्हाही कान दुखायचाच ना.

माझ्या वडिलांनीही मारलंय. मी बघितलंय, मैदानाच्या कडेला दप्तर घेऊन उभी असताना. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. बाबा गेल्यावर त्यांच्या सगळ्या वह्या मी वाचून काढल्या, हजेरी, टीम, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाच्या घरी लाईट नाही म्हणून त्याला अभ्यासाला शाळेत थांबवायचं, सगळं लिहिलंय. त्या मारण्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. मी शोधत होते, खरं सांगते, मला हवी होती ती ओळ. नाही मिळाली. ज्या माणसाचं मी वर इतकं भरभरून लिहिलं तोच हा माणूस आणि मला दोन्ही ठेवून घ्यावं लागतंय.

तर तुम्ही जा असं मी म्हणेन, पण तुम्हाला जावंसं वाटलं तरच. गेलात तर बोला, आणि जसं मला लिहिलंय अगदी तसंच बोला. पेपर टाकायचो, इतक्या वाजता उठायचो, उशीर झाला, मारलं, परत गेलो नाही. त्यात विशेषण एकही घालू नका, शिवीही नको आणि माफीही नको. आणि त्या सरांची दुसरी एखादी गोष्ट तुम्हाला आठवत असेल तर तीही सांगा, नसेल आठवत तर नका सांगू, समतोल साधायची जबाबदारी तुमच्यावर नाही. कार्यक्रमात बोलायचं नसेल तर स्मरणिकेला लिहून द्या, आणि संपादकांनी नाकारलं तर मला पाठवा. या सदरात छापू.

अजून एक. तुमच्यासारखे आणखी असणार. टीममधून मधेच गळालेली पोरं कुठल्याच फोटोत नसतात. तुम्ही उठून बोललात तर मागच्या खुर्चीवरचा कुणीतरी मान वर करून बघेल.

प्रश्न: मी मुलगी असून सरांनी मला आठवीपर्यंत मुलांबरोबर खेळू दिलं. मग घरून बंद झालं. आता सरांच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे त्यात सगळे पुरुष, मला कुणी घेतलेलं नाही. मी कधी टीममधे नव्हते मग मी सरांची विद्यार्थिनी म्हणवून घेऊ शकते का? (गृहिणी, सांगली)

हो. आजच ग्रुपच्या अॅडमिनला फोन करा आणि सांगा की मला अॅड करा. "चालेल का" असं विचारू नका. आता सुब्रोतो कपला, म्हणजे शाळांच्या देशभरच्या फुटबॉल स्पर्धेला, मुलींचा वेगळा गट आहे, सतरा वर्षांखालचा, शाळेच्या पोरी तालुक्यापासून खेळत खेळत थेट दिल्लीपर्यंत जातात. तुमच्या वेळेला ती वाट नव्हती आणि तरी एका माणसानं तुम्हाला मैदानावर उभं केलं, शेजारीपाजारी काय म्हणतील त्याची पर्वा न करता. त्या सरांबद्दल हे तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार? मला वाटतं त्या ग्रुपला तुमची गरज जास्त आहे. आणि तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात ते तुम्ही लिहिलंच नाही, ते नक्की लिहून पाठवा.

प्रश्न: सरांच्या नावानं स्पर्धा घ्यावी की शाळेत बक्षीस ठेवावं? आमच्याकडं मिळून साधारण साठ हजार जमलेत. (माजी विद्यार्थी, कोरेगाव)

साठ हजारात स्पर्धा एकदा होईल, बक्षीस कितीतरी वर्षं चालेल. सोळा टीमची नॉकआऊट म्हणजे पंधरा मॅच, सात-सात जणांच्या आणि छोट्या केल्या तरी दोन दिवस मैदान, पंच, पाणी, प्रथमोपचार, कप, मंडप. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा पावती पुस्तक घेऊन फिरायचं. तिसऱ्या वर्षी किती जण उरतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. तरीही घ्यायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर आणि बोर्डाच्या परीक्षेच्या बऱ्याच आधी घ्या, यवतेश्वराकडून पाऊस उतरला की साताऱ्याची मैदानं चिखल होतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी बक्षिसाच्या बाजूनं आहे. पन्नास हजार शाळेच्या नावे ठेव म्हणून द्या, सात टक्के धरले तर वर्षाला साडेतीन हजार येतात. शाळेकडून लेखी घ्या की व्याजातूनच बक्षीस द्यायचं, मुद्दल मोडायची नाही. वरचे दहा हजार बॉल, बिब (प्रॅक्टिसला टीम वेगळ्या ओळखायची जाकिटं) आणि पंपाला. पंप विसरू नका, शाळेत बॉल असतात आणि पंप नसतो. १५ सप्टेंबर २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या निमित्तानं राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला, शाळांना बॉल दिले, त्या दिवशी बाबा निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती तरी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले, आणि सोबत काय नेलं तर पंप आणि सुई.

आणि बक्षीस सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याला देऊ नका, त्याला टाळ्या मिळालेल्या असतात. वर्षभरात प्रॅक्टिसला सगळ्यात जास्त हजर राहिला आणि मॅचमधे सगळ्यात कमी खेळला अशा पोराला किंवा पोरीला द्या. त्यासाठी शाळेला रोजची हजेरी ठेवावी लागेल, तो तर अजूनच मोठा फायदा. पहिल्या वर्षी लोक नाकं मुरडतील. मुरडू द्या.

प्रश्न: आमच्या ह्यांना जाऊन आठ महिने झाले. ते हायस्कूलला इंग्रजी आणि फुटबॉल शिकवायचे. घरात त्यांच्या वह्या, कात्रणं, दोन बॉल, शिट्ट्या, शाळेची एक किल्ली असं बरंच आहे. मुलगा पुण्याला असतो, म्हणतो आई किती दिवस ठेवणार. टाकवत नाही आणि सांभाळवतही नाही. (एक वाचक, वय ७१, सातारा)

मावशी, टाकू नका आणि एकट्यानं सांभाळूही नका. किल्ली शाळेला परत द्या, तुम्ही स्वतः जा, पोस्टानं किंवा कुणाच्या हाती पाठवू नका, आणि जाताना ती खोली एकदा उघडून बघून या. बॉल शाळेचे असतील तर तेही द्या, ठेवायचे असतील तर थोडी हवा राहू द्या, पूर्ण रिकामा बॉल चुरगळतो आणि शिवणीत तडकतो. कात्रणांना सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडतो आणि कागद खातो, लॅमिनेशनही नको. एकेक कात्रण साध्या कोऱ्या कागदात ठेवा आणि मागं पेन्सिलीनं साल लिहा, आठवत असेल तर. वह्या उन्हाच्या उजेडात, खिडकीशी ठेवून पान न पान मोबाईलमधे काढून घ्या, हे काम मुलाला सांगा, पुढच्या खेपेला आला की एक रविवार द्यायला सांगा. मी तर म्हणते तुम्ही शेजारी बसा, तो पान उलटेल आणि विचारेल हा कोण, आणि तुम्ही सांगाल. त्याला रविवार कमी पडेल.

शिट्ट्यांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी काही सांगणार नाही.

हे लिहिताना बाबांची एक वही माझ्यासमोर उघडी आहे. विभागाच्या एका मॅचची टीम आहे त्यात, अकरा नावं आणि खाली रेघ मारून पाच राखीव. वर लिहिलेल्या अकरा जणांचा पत्ता लागला, बरेच जण दहाव्याला आलेही होते. राखीव पाचांतले चार गेल्या महिन्याभरात सापडले, त्यातले एक ते माहुलीच्या पायरीवरचे. पाचव्याचं नाव बाबांनी लिहिलेलंच नाही, घाईत असतील. नुसतं एवढंच लिहिलंय, "जावळीचा, बुटका, डावखुरा, बूट नाहीत, माझे सहा नंबरचे दिले." बाबांचे ते बूट घरी परत आलेले नाहीत, म्हणजे ते तुमच्याकडंच राहिले असणार. हे तुम्ही वाचत असाल तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी टाका. बूट परत नकोत.